आवाहनातच गोम आहे

मुंबई आणि आसपासच्या कॉलेजांनी मिळून पुढच्या वर्षी एक प्रादेशिक गणित परिषद घ्यायची, एवढं ठरल्यावर आम्ही बारा जण गेल्या महिन्यात दादरमधल्या एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जमलो. पहिलाच विषय निघाला व्याख्यानांचा. त्यासाठी प्रस्ताव मागवायचे, की वक्ते आपणच ठरवून बोलवायचे? चहा येईपर्यंत दोन तट पडलेले होते. एका बाजूचं म्हणणं, खुलं आवाहन केलं की कचरा येतो, दर्जा राखायचा तर निमंत्रणंच द्या. दुसरी बाजू म्हणाली, निमंत्रणं म्हणजे पुन्हा तीच आठ नावं. मग ही परिषद प्रदेशाची की टोळक्याची? दीड तास हेच चाललं. ‘दर्जा’ हा शब्द किती वेळा आला ते मी वहीच्या कडेला रेघा मारून मोजलं. २९ वेळा. ही मूळ संख्या आहे, आणि त्या दुपारी तिथे झालेलं गणित तेवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. आवाहन खुलंच हवं. पण आपण वर्षानुवर्षं जे आवाहन छापत आलोय तेच पुन्हा छापणार असू, तर निमंत्रणवाल्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरेल आणि ते खरं ठरवायची सोय आपणच केलेली असेल. कारण येणारे प्रस्ताव पाठवणाऱ्याच्या कुवतीवर जेवढे ठरतात, तेवढेच आपण काय मागितलं यावरही ठरतात. वाण्याकडे चिठ्ठीत ‘काहीतरी द्या’ असं लिहून पाठवायचं आणि घरी आलेलं सामान बघून वाण्याला नावं ठेवायची, यातली गत आहे ही.

आपलं नेहमीचं आवाहन आठवून पाहा. ३०० शब्दांचा गोषवारा, इंग्रजीत. पाच की-वर्ड. विषय-वर्गीकरणाचा कोड. लेटेक्समध्ये, म्हणजे गणित छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेलं. एक पानाचा बायोडेटा, आणि सोबत नोंदणी शुल्क भरल्याची पावती. यात गणित कुठे मागितलंय? कुठेच नाही. मागितलंय ते गणिताबद्दलचं इंग्रजी गद्य, आणि येतंही तेच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेच्या छाननीत मी होते. साठेक प्रस्तावांपैकी निम्म्यांच्या शीर्षकात ‘सम’ होतं: सम रिझल्ट्स, सम थिअरम्स, सम अॅप्लिकेशन्स. काही निष्कर्ष. कोणते? ते गोषवाऱ्यातही नसायचं. तिथे ‘अनेक ज्ञात निष्कर्षांचं सामान्यीकरण केलं आहे’ एवढं वाक्य असायचं, आणि ते सगळीकडे इतकं सारखं की शेवटी शेवटी मी डोळे मिटून ते म्हणून दाखवत होते. हल्ली तर असा ३०० शब्दांचा ऐवज मशीन दहा सेकंदांत लिहून देतं.

त्याच गठ्ठ्यात पालघरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजमधल्या शिक्षकांचा कागद होता. पोस्टानं आलेला, हाताने लिहिलेला, मराठीत. ऑफिसनं स्कॅन करून आमच्या फाइलीत टाकला होता. मुलं विचारतात, पाय (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) म्हणजे २२/७ का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग २२/७ मोठा की पाय मोठा? कॅलक्युलेटरनं उत्तर मिळतं, पण सिद्ध करायचं कसं? सरांनी लिहिलं होतं की हे बारावीच्या इंटिग्रेशननंच होतं. क्षचा चौथा घात गुणिले (१ – क्ष) चा चौथा घात, आणि त्याला (१ + क्षवर्ग) नं भागा. शून्यापासून एकपर्यंत इंटिग्रेट करा. उत्तर येतं २२/७ वजा पाय. आणि इंटिग्रलच्या आतली राशी शून्य ते एकच्या दरम्यान सगळीकडे धन आहे, म्हणजे उत्तरही धन. म्हणजे २२/७ मोठा. खाली भागाकाराच्या सगळ्या पायऱ्या, ओळीखाली ओळ. आम्ही शेरा मारला, ‘ज्ञात निष्कर्ष, नमुन्यात नाही’. सही करणाऱ्यांत मीही होते. सम थिअरम्सवाले बहुतेक सगळे स्वीकारले गेले, कारण ते नमुन्यात होते.

आता निमंत्रणवाल्यांची बाजू. ती पोकळ नाही, आणि आमच्या बैठकीत खुल्या आवाहनाचे समर्थक ती ऐकूनही घेत नव्हते, याचा मला राग आला. मुंबईत आजवर झालेल्या गणिताच्या बैठकांत सर्वांत मोठी कोणती, असं विचारलं तर बरेच जाणकार १९५६ सालच्या फेब्रुवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं भरवलेल्या झीटा-फलनांवरच्या (मूळ संख्यांच्या अभ्यासातलं हे एक मोठं हत्यार) आंतरराष्ट्रीय परिसंवादाचं नाव घेतील. नॉर्वेचे गणितज्ञ अॅटले सेल्बर्ग यांनी आपलं ट्रेस फॉर्म्युल्याचं काम इथे मांडलं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या संख्यासिद्धांताचा (नंबर थिअरीचा) मोठा भाग त्या कामावर उभा राहिला. या परिसंवादाला खुलं आवाहन नव्हतं. माणसं निवडून बोलावली होती आणि ती निवड अचूक होती. तेव्हा ‘निमंत्रण म्हणजे वशिला’ हे सरसकट बोलणं सोडून द्यावं.

दुसरा मुद्दा सर्टिफिकेटांचा. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांमध्ये दोन पेपर वाचलेच पाहिजेत, असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम २०१६ साली होता. त्याआधी २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत अशा वाचनांना गुण मिळू लागले होते. पीएचडीची ती सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, सवय मात्र राहिली. पंधरा मिनिटं बोलायचं, फोटो काढायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि जेवणाआधी निघायचं, असे वक्ते मी पाहिलेत. त्यांच्या सत्रात समोर बसलेले चार जण म्हणजे त्यांच्यानंतर बोलणारे चार वक्ते. हे खरंच होतं, आणि खुल्या आवाहनामुळेच होतं.

तिसरा मुद्दा चक्रमांचा. पट्टी-कंपासनं कोनाचे तीन समान भाग केले, वर्तुळाचा चौरस केला (म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढला), फर्माचं प्रमेय दीड पानात सोडवलं, अशी पत्रं गणिताच्या प्रत्येक विभागात येतात. यावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ साली काय केलं ते पाहण्यासारखं आहे. वर्तुळाचा चौरस, कोनाचं त्रिभाजन, घनाचं द्विगुणन (दुप्पट घनफळाचा घन काढणं) आणि चिरंतन गतीची यंत्रं, या चार विषयांवरचे कागद यापुढे तपासणार नाही असं तिनं जाहीर करून टाकलं. कोनाचं त्रिभाजन पट्टी-कंपासनं अशक्य आहे हे वांट्झेलनं सिद्ध केलं १८३७ मध्ये, वर्तुळाचा चौरसही अशक्यच हे लिंडेमाननं दाखवलं १८८२ मध्ये. म्हणजे अकादमीच्या हाती तेव्हा सिद्धता नव्हती, होता तो फक्त कंटाळा. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण बारकाईनं बघा, तिनं चार विषय बंद केले, माणसं बंद केली नाहीत. पाचव्या विषयावर लिहिणारा अनोळखी माणूस पूर्वीसारखाच कागद पाठवू शकत होता. कचऱ्याच्या भीतीनं अख्खं दारच लावून घ्यायची वेळ पॅरिसवर आली नाही, ती दादरच्या स्टाफरूमवर का यावी?

आणि १९५६ च्या दाखल्याचं म्हणाल, तर तो शोधकर्त्यांचा परिसंवाद होता. विषय एक, त्यात जगात काम करणारे मोजके, आणि ते कोण आहेत हे बोलावणाऱ्यांना पक्कं माहीत. निमंत्रण तिथे चालतं, जिथे बोलावणाऱ्याला शोधायचं काही उरलेलं नसतं. प्रादेशिक परिषदेचं नेमकं उलट असतं. वसई, कर्जत, पनवेल, कसारा या पट्ट्यात कोण कशावर डोकं चालवतंय हे आम्हा बारा जणांना ठाऊक नाही. ठाऊक असतं तर परिषदेची गरज काय होती? व्हॉट्सअॅपवर भागलं असतं.

इथे माझ्या गावचं उदाहरण देते. ‘माझ्या गावचं’ म्हणजे डोंबिवलीचं. सकाळची फास्ट पकडायला मी ज्या स्थानकावर धावते, तिथलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर डहाणूत जन्मले, १९०५ साली. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही. त्यांनी काही संख्यांना नाव दिलं ‘डेम्लो’, ते जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या आपल्या डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून, कारण या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली होती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही त्या कुटुंबातली सर्वांत देखणी मंडळी. आणि ६१७४ तर जगभर त्यांच्याच नावानं ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येऊन थांबते. हे त्यांनी जाहीर केलं १९४९ साली, मद्रासच्या गणित परिषदेत. शाळामास्तरांना तिथे बोलायला मिळालं.

आमच्या फॉर्मवर काय झालं असतं? संशोधन-मार्गदर्शक: रिकामं. उपयोग: रिकामं. मागील पाच वर्षांतील प्रकाशनं: अंकांच्या गमती. कोड मात्र मिळाला असता. आजच्या वर्गीकरणात अशा अंकप्रश्नांना स्वतःचा कोड आहे, ११ए६३.

मला माहीत आहे की हा युक्तिवाद स्वस्त आहे. नाकारलेला प्रत्येक जण कापरेकर नसतो, शंभरातले नव्व्याण्णव नसतातच. शिवाय कापरेकरांचं काम ‘खोल नाही’ असं म्हणणारे त्यांच्या हयातीत आपल्याकडे होते आणि ते अगदीच चुकत नव्हते. दशमान पद्धत बदलली की ६१७४ ची जादू जाते. गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं म्हणून त्या कामाची खोली वाढली नाही. पण कापरेकर थोर होते की नव्हते, हा इथे प्रश्नच नाही. नववीतली मुलगी पाच मिनिटांत वजाबाक्या करून ज्याच्या काठाशी पोचते आणि विचारते, ‘मग पाच अंकांचं काय?’, असं ते गणित आहे. पाच अंकांना असा एक मुक्काम नाही, तिथे संख्या गोल गोल फिरत राहतात. का? या ‘का’वर सभागृहातला पीएचडीवाला आणि शाळेतली मुलगी दोघेही अर्धा तास झटू शकतात. प्रादेशिक परिषदेला दुसरं काय हवं असतं? खोली मोजायची तर ती श्रोता किती आत गेला यावर मोजा, वक्ता किती खोलातून बोलला यावर नको.

आवाहन कसं असावं याचा नमुना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी वीस सभासदांवर ‘अॅनालिटिक क्लब’ सुरू केला, तोच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाला. पुस्तकं आणि नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, तर मिळून घेऊ आणि टपालानं फिरवू, एवढी साधी त्याची प्रेरणा. त्या सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रश्नांचं सदर असे. कुणीही प्रश्न पाठवावा, कुणीही सोडवावा. १९११ मध्ये तिथे एक प्रश्न आला: एक अधिक दोन गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळात एक अधिक तीन गुणिले वर्गमूळ, असं अनंतापर्यंत गेलं, आणि या सगळ्याचं पुन्हा वर्गमूळ घेतलं, तर किंमत किती? कुणाचंही उत्तर आलं नाही, शेवटी विचारणाऱ्यानंच सांगितलं: तीन. विचारणारा होता एफएच्या (कॉलेजातल्या तेव्हाच्या पहिल्या टप्प्याच्या) परीक्षेत नापास झालेला, बेकार श्रीनिवास रामानुजन. त्यानं त्या सदरात पन्नासहून अधिक प्रश्न दिले. त्याचा पहिला शोधनिबंधही त्याच वर्षी त्याच जर्नलनं छापला, पण संपादकांनी तो परत पाठवून, दुरुस्त करवून घेऊन छापला, कारण लिहिलेलं कुणाला कळत नव्हतं.

यात दोन गोष्टी झाल्या. मागितला प्रश्न, बायोडेटा नाही. आणि जे कच्चं आलं त्यावर ‘नमुन्यात नाही’ असा शिक्का न मारता काम केलं. आमच्या दोन्ही तटांच्या डोक्यात छाननी म्हणजे हो किंवा नाही. तिसरं उत्तर असतं: ‘हे असं करून पुन्हा पाठवा’. ते कष्टाचं असतं, मान्य. साठ जणांना तसं लिहायचं तर बारा जणांनी पाच-पाच पत्रं लिहायची. पाच पत्रं! आपण त्याहून जास्त वेळ बॅनरच्या रंगावर घालवतो. आणि हो, सेल्बर्ग यांचा तो १९५६ सालचा निबंध छापला गेला तो याच सोसायटीच्या जर्नलमध्ये. नापास मुलाचं कोडं छापणाऱ्या नियतकालिकाचा दर्जा काही त्यामुळे घसरला नव्हता.

‘नावं झाकून निवडा’ हा मध्यममार्ग बैठकीत एकानं सुचवला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्यात फारसा दम दिसत नाही. नाव झाकता येतं, इंग्रजी झाकता येत नाही. पहिल्या दोन वाक्यांत कळतं की हे दक्षिण मुंबईतलं आहे की बदलापूरच्या पुढचं, आणि आपण गणिताला गुण देतोय असं समजून इंग्रजीतल्या ‘the’ आणि ‘a’ला गुण देत बसतो. प्रस्ताव मराठीत चालेल एवढं आवाहनात लिहिलं तरी पुरे. यावर लगेच ‘मग अमराठी श्रोत्यांचं काय?’ येतं. रास्त प्रश्न आहे, पण मुंबईला तो नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये याच शहरात ‘दर्पण’ काढलं ते एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असं. फळ्यावरची समीकरणं तर कुठल्याच स्तंभात बसत नाहीत, ती दोघांचीही असतात. बोलणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, हे आपण वर्गात रोज करतोच की.

वेळापत्रकाचं गणित मात्र मला अजून नीट सुटलेलं नाही. दोन दिवसांत प्रस्तावांतल्या व्याख्यानांना दहा तास मिळतात असं धरा. पंधरा मिनिटांची केली तर चाळीस बसतात आणि एकही कळत नाही. पंचवीस मिनिटांची केली तर चोवीस, म्हणजे साठातल्या छत्तीस जणांना नाही म्हणावं लागतं. मी चोवीसच्या बाजूची आहे. उरलेल्यांसाठी व्हरांड्यात फळे लावावेत आणि दुपारचा दीड तास कुणीही उभं राहून कुणालाही काही समजावावं. हे ऐकून एक सहकारी म्हणाले, ‘ही परिषद आहे की जत्रा?’ मी त्यांना जर्मनीतल्या कोनिग्सबर्गच्या परिषदेची गोष्ट सांगितली. १९३० च्या सप्टेंबरमध्ये तरुण तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलला तिथे वीस मिनिटांचं व्याख्यान मिळालं होतं, त्यात तो आपल्या आधीच्या कामावर बोलला. अपूर्णतेचा निष्कर्ष (गणितात खरी असूनही ठरल्या नियमांतून सिद्ध न होणारी विधानं असतात, हा) त्यानं दुसऱ्या दिवशी चर्चेत सहज उल्लेखल्यासारखा मांडला, आणि त्याचं मोल तिथल्या तिथे ओळखणारा बहुधा एकटा गणितज्ञ फॉन नॉयमन होता. आणि मुदतीचा बाऊ करणाऱ्यांना सांगायला जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट आहेच. १९०० च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय गणित काँग्रेससाठी त्याचा मजकूर वेळेत गेला नाही, म्हणून ते प्रसिद्ध प्रश्नांचं भाषण मुख्य सभेत न होता इतिहास आणि अध्यापनाच्या सत्रात झालं, आणि तिथेही तेवीसातले दहाच प्रश्न वाचून झाले.

पुढच्या बैठकीला मी मसुदा घेऊन जाणार आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. तुमचा प्रश्न एका वाक्यात. त्यातलं एक उदाहरण पूर्ण सोडवून, अर्ध्या पानात, हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल. आणि हे कुणाला कळावं असं तुम्हाला वाटतं: अकरावीच्या मुलाला, एमएस्सीवाल्याला, की फक्त त्याच विषयातल्याला? ‘सम थिअरम्स’ दुसऱ्या अटीवर अडकतात, त्रिभाजनवालेही तिथेच अडकतात, कारण उदाहरण तपासायला दहा मिनिटं लागतात. मशीननं उदाहरणही सोडवून दिलं तर? मग फोन करून दोन मिनिटं विचारू. शुल्क निवडीनंतर. बायोडेटा नाही. खजिनदार आताच कुरकुरताहेत, की आगाऊ शुल्क नाही म्हणजे मांडववाल्याला आगाऊ काय द्यायचं. त्यांचं बरोबर आहे, तेवढ्यासाठी एखाद्या कॉलेजला गळ घालावी लागेल.

मसुद्याला जोडायला म्हणून मी त्या जुन्या छाननीची खोकी काढली आणि पालघरकडच्या सरांचा मूळ कागद शोधला. सापडला. पाठपोट लिहिलेला होता. मागच्या बाजूला चार ओळी होत्या: ‘मुलांचा पुढचा प्रश्न: ३५५/११३ हा पायच्या आणखी जवळ आहे. तो मोठा आहे हे दाखवणारं असंच एखादं इंटिग्रल असेल का? मी काही प्रयत्न केले आहेत, जमलेलं नाही. परिषदेत कुणाला विचारता येईल का?’ ऑफिसनं स्कॅन एकाच बाजूचं केलं होतं.